पेरणीला गेलेलं संग्रहालय

पेरणी लागली की ज्या संग्रहालयात पाहायला एकही वस्तू उरत नाही, त्याला तुम्ही संग्रहालय म्हणाल का? सरकारी साहेबांनी म्हटलं नाही. म्हणून तर हे पत्रक लिहायला बसलो.

थेरगावच्या पुढे, पवनेकाठी आमचं गाव. तिथे गेनूअण्णा राहतात. साठी उलटलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. चावडीमागची रिकामी खोली त्यांनी पंचांकडून मागून घेतली आणि आमच्या खोऱ्यातल्या जुन्या वस्तू तिथे मांडल्या. बी पेरायची पाभर, ढेकळं फोडायचा कुळव, विहिरीचं पाणी उपसायची चामड्याची मोट, भातलावणीत पावसासाठी पाठीवर घ्यायची इरली, खुरपी. प्रत्येक वस्तूखाली बोरूने लिहिलेली चिठ्ठी. एकाही चिठ्ठीवर राजाचं नाव नाही. 'पाभर. कोंडिबा सुतारानं केली. एक फण जरा वाकडा, कारण त्या दिशी लेक सासरी चालली होती.' इतिहास असाही लिहिता येतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

"बसून ऱ्हायली की वस्तू आजारी पडती," हे अण्णांचं लाडकं वाक्य. त्यामुळे मागेल त्याला ते वस्तू नेऊ देत. भिंतीवर उरे ती फक्त चिठ्ठी, आणि तिच्यावर नवी ओळ: 'सध्या कामावर.' पुण्याचे एक प्राध्यापक मोट पाहायला आले, तर अण्णा म्हणाले, "ती विहिरीवर हाय. तितंच जाऊन बघा. आन् जाताच हाय तर चार खेपा बैल हाका." प्राध्यापकांनी खरंच हाकले आणि बैलांनी त्यांना गुडघाभर चिखलात नेलं.

मग गावाशेजारी कारखाना बांधायला घेतला. कंत्राटदाराला सिमेंट ठेवायला चावडीमागची खोली हवी होती. पंच म्हणाले, "सरकारनं संग्रहालय मंजूर केलं तरच खोली तुमची." साहेबांच्या पाहणीची तारीख ठरली, ती नेमकी ऐन वाफशात, जमिनीत पेरणीजोगी ओल असते त्या चार दिवसांत.

मी धावत गेलो. "अण्णा, एका दिवसाचा प्रश्न आहे. सगळं परत मागवा."

"चालती पाभर मधीच थांबवू व्हय? का, तर साहेबाला बगायचीय?"

"अहो, खोली जाईल!"

"जाऊ दे. वाफसा ऱ्हातोय का साहेबासाठी? लई पत्रकं छापतोस तू, एकदा पेरून बग."

साहेब आले. कडक इस्त्री, मागे छत्रीवाला शिपाई. समोर रिकामे खिळे आणि चिठ्ठ्या.

"वस्तू कुठे आहेत?"

"कामाला गेल्यात, साहेब."

"सगळ्याच्या सगळ्या?"

"व्हय. तुमच्या हापिसातली मान्सं जात न्हाईत का?"

शिपायाला जोराचा खोकला आला. साहेबांनी अहवाल लिहिला: 'पाहण्यायोग्य काहीही आढळले नाही.' समोर सगळं शिवार राबत होतं, ते त्यांना आढळलं नाही! खोलीत सिमेंट भरलं. अण्णांनी खिळे उपटले आणि आपल्या दोन खणी घरात ठोकले.

पुढच्या वर्षी शिवारच कारखान्यांकडे गेलं. पेरणारे हात शिफ्टला जाऊ लागले. वस्तू एकेक करून परत आल्या. घर इतकं भरलं की अण्णा ओसरीवर झोपू लागले. तेच साहेब पुन्हा आले, या वेळी हार घेऊन. "आता झालं खरं संग्रहालय!" म्हणाले आणि मंजुरीचा कागद हातात दिला. कामात असलेली वस्तू या लोकांना दिसत नाही. ती मेली की हार घेऊन येतात.

अण्णांनी हार घेतला आणि पाभरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मोटेला तेल चोळत बसले होते. मी म्हणालो, "विहीर बुजवली की, अण्णा. आता तेल कशाला?"

"कुनी मागाया आलं आन् चामडं कडक निघालं, तर?" हात थांबला नाही. मग म्हणाले, "काल एक बाई आलती दारात. मला वाटलं, काय तरी नेती. पत्ता इचारून गेली."

वाचकहो, आमच्या गावी याल तेव्हा अण्णांकडे नुसतं बघून परत जाऊ नका. तुमच्या चाळीमागे हातभर जागा असेलच. तिथे मेथी लावायची आहे म्हणून सांगा आणि एक खुरपं मागून न्या. परत द्यायची घाई करू नका.