गुरप्पा अण्णांची गाठ

नवी पेठेत गुरप्पा अण्णांकडं साडी बघायची, तर आधी दंड पुढं करावा लागे. अण्णा पट्टा गुंडाळत, यंत्र घुरघुरे, आणि रक्तदाबाचा आकडा बघून ते रंग काढत. "एकशेपन्नास? ताई, तुमाला लाल नको. हा आकाशी बघा की." बायका हसत, पण पुन्हा येत. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच. रोजची बोहनी माझ्याच दंडानं.

खुद्द अण्णांचा दाब मात्र चार गोळ्यांना जुमानत नव्हता. मेहुणा येऊन गेला की ते लगेच यंत्र लावत आणि समाधानानं सांगत, "बघा, एकशेनव्वद! मी म्हनलं न्हवतं, मानूस बरा न्हाय?"

एके दिवशी साड्यांचा गठ्ठा उचलताना त्यांचे पाय गळाले. खाली बसले ते उठेचनात. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर पोटॅशियम अगदी कमी. मग स्कॅन. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ निघाली. अंगात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक ती नको इतकं बनवत होती.

दुसरा कुणी घाबरला असता. अण्णांनी विचारलं, "पन गाठीला हे करायला सांगितलं कुनी?"

बाईंनी चित्र काढून समजावलं. तो कागद घेऊन अण्णा थेट माझ्याकडं. "घड्याळवाले, पेशीला बारीक दार असतंय. त्यातनं पोटॅशियमनंच जायचं. जनुकात एक अक्षर बदललं की दार बिघडतंय, सोडियम आत घुसतंय. पेशीला वाटतंय, वरनं हुकूम आला. मग संप्रेरक बनवतीया आपली!" पुढचे आठ दिवस गिऱ्हाइकांना साडीआधी हे दार बघावं लागलं.

गाठ काढली. दोन महिन्यांत चारातली एकच गोळी उरली. मेहुणा येऊन गेला तरी आकडा हलेना, याचं अण्णांना जरा वाईट वाटलं.

गाठीच्या जनुकांचा अहवाल घ्यायला डॉक्टरीणबाईंकडं गेलो तेव्हा मी सोबत होतो. अण्णांनी हळूच विचारलं, "हे आईकडनं आलेलं न्हाय ना?"

बाई म्हणाल्या, "नाही. बदल फक्त गाठीत आहे, रक्तात नाही. तो नंतर तिथंच झालाय."

अण्णांनी तेच तीनदा विचारलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "चला, गावाकडं जाऊ."

गाव अक्कलकोटच्या पुढं. बसमध्ये ते खिडकीकडं बघत बोलले, "पयल्यांदा दाब निघाला तवा डॉक्टर म्हनले, घराण्यात असंल. मी रागानं आईला बोललो, तुझंच देनं हे. त्या दिवसापासनं तिनं लोणचं सोडलंय. पोटुशी असताना लई खाल्लं, म्हनून पोराला लागलं म्हनती. बारा वर्षं झाली."

आई अंगणात बसली होती. ऐंशीच्या पुढची, कानानं मंद. अण्णांनी जनूक, दार, अक्षर, सगळं कानडीत ओरडून सांगितलं. तिला काही उमगलं नाही. शेवटी ते तिच्या पायाशी बसले. "अव्वा, निन्न तप्पु अल्ल. तुझी चूक न्हाय गं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मग तिनं लेकाच्या पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, ऑपरेशन लई दुखलं का?

अण्णा आत गेले आणि लोणच्याची बरणी घेऊन आले. म्हातारीनं एक फोड जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "खारट झालंय," म्हणाली, आणि दुसरी घेतली.