नवशिक्या खलनायकानं कोणती क्षमता घ्यावी

दुष्टपणा जन्मजात असतो आणि तो शिकावा लागत नाही, असा एक गैरसमज समाजात फार दिवसांपासून पसरलेला आहे. वास्तविक त्या क्षेत्रातही नवशिके असतात आणि त्यांचे फार हाल होतात. चांगला माणूस चुकला तर चार लोक त्याला सांभाळून घेतात. वाईट माणूस चुकला तर त्याला हसतात. या एका कारणामुळं कित्येक होतकरू खलनायक पहिल्याच आठवड्यात सज्जन झालेले आहेत.

राजारामपुरीतल्या पारिजात अपार्टमेंटचा चेअरमन पिराजी याला हे अजिबात मान्य नव्हतं. पैज लागली ती त्यावरूनच.

झालं असं की तिसऱ्या मजल्यावरची मोना मोबाईलवर एक भुताटकीचा खेळ खेळायची. एका पडीक दवाखान्यात चौघं अडकलेले असतात. त्यांनी दाराची किल्ली शोधायची आणि मिळून जनरेटर चालू करायचा, म्हणजे दार उघडतं आणि पळता येतं. पाचवा असतो खलनायक. त्यानं या चौघांना पकडायचं. पाचही खरी माणसं, आपापल्या घरात, आपापल्या फोनवर. अडचण एवढीच, की खलनायक व्हायला कुणी तयार नसतं. चौघांत असलं की हरल्यावर उरलेल्या तिघांवर ढकलता येतं. खलनायकाला ती सोय नाही.

मोनानं ही अडचण एका संध्याकाळी पार्किंगमध्ये बोलून दाखवली. पिराजी बुलेट पुसत होता. तो म्हणाला, यात शिकायचं काय हाय, मी पहिल्या झटक्यात करून दावतो.

लिफ्टसमोर खुर्ची टाकून अंबूबाई मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुला जमायचं न्हाय पिराजी. तू लई आरडतोस."

"मग तुमाला जमतंय व्हय, मावशी?"

"मला बसल्या जागी जमंल."

बसल्या जागी हा शब्द पिराजीला झोंबला, कारण ती जागा हाच दोघांतला जुना वाद होता. अंबूबाई तळमजल्यावर एकटी राहायची. लिफ्टसमोरच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं आणि जाताना ती पिशवी रिकामी का होती, एवढं बघायची. खुर्ची गेली असती तर तिला दिवसभर भिंतीशी बोलावं लागलं असतं. पिराजीनं मात्र लिफ्टसमोर खाजगी आसन ठेवू नये अशा आशयाच्या तीन नोटिसा लावल्या होत्या. (तिसऱ्या नोटिशीत अंबूबाईनं मेथीच्या काड्या गुंडाळून टाकल्या.)

म्हणून ठरलं असं. दोघांनीही एकेकदा खलनायक व्हायचं. ज्याला कमी माणसं सापडतील तो हरला. अंबूबाई हरली तर खुर्ची कायमची घरात. पिराजी हरला तर काय, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि फार आनंदानं ठरवलं. दिवाळीत कोल्हापुरात म्हशींना सजवतात, शिंगांना मोरपिसं बांधतात, गळ्यात घंटा घालतात आणि पुढं मालक गाडी फडफडवत निघाला की म्हस त्या आवाजामागं पळत सुटते. पिराजीनं तसंच मोरपिसं लावून, घंटा घालून, स्वतःच्याच बुलेटमागं अख्ख्या गल्लीतून पळायचं.

पिराजीनं हातावर हात मारला. अपार्टमेंटमध्ये पाणी वेळेवर येत नाही, लिफ्ट वेळेवर येत नाही, पण चेअरमनचा दरारा चोवीस तास चालू असतो. तो दरारा त्यानं पणाला लावलाय, हे त्याला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर कळलं.

खेळात खलनायकाला सुरुवातीला एक क्षमता निवडावी लागते. हा निर्णय गंभीर असल्यानं पिराजीनं लगेच एक उपसमिती नेमली. अध्यक्ष स्वतः. सदस्य म्हणून फिजिक्सचे क्लास घेणारा अमरेश आणि एस.टी.तून रिटायर झालेले बाळासो. हे दोघं खेळात पकडायच्या चौघांपैकी होते, म्हणजे ज्यांना पकडायचं तेच निवड समितीत. (सहकारी क्षेत्रात वाढलेल्या जिल्ह्यात यावर कुणी आक्षेप घेत नाही.)

समितीनं चहा घेऊन कामकाजाला सुरुवात केली.

अदृश्य होण्याची क्षमता पहिल्यांदा चर्चेला आली. मोनाचं म्हणणं, नवशिक्याला ही सगळ्यात बरी, कुणाला दिसत नाही म्हणून चुका झाकल्या जातात. बाळासोंनी दुजोरा दिला आणि अध्यक्षांना या क्षमतेचा दांडगा अनुभव आहे, पाण्याचा टँकर मागवायच्या दिवशी ते कुणालाच दिसत नाहीत, असं नोंदवलं. अध्यक्षांनी हे विधान कामकाजातून काढून टाकलं. शिवाय कुणी बघतच नसलं तर दुष्टपणा करायचा कुणासाठी, असा मूलभूत प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

मग सापळा लावणे. त्याला लागतो संयम. पार्किंगमध्ये पिराजीनं इतरांच्या वेगाला आळा घालायला स्वखुशीनं एक स्पीडब्रेकर बांधला होता आणि सिमेंट वाळायच्या आत त्यावर पहिला आपटला तो स्वतःच. ही क्षमता एकमतानं बाद. तुफान वेग ही क्षमता गुडघ्यांमुळं बाद. भिंतीपलीकडचं दिसणे या क्षमतेवर अमरेशनं बरीच माहिती गोळा केली होती, पण बिल्डरनं भिंती अशा बांधल्यात की शेजारच्या आमटीला फोडणी कसली पडली हे तसंही कळतं, तेव्हा त्यासाठी वेगळी क्षमता वाया कशाला घालवायची.

राहिल्या दोन. एक होती गर्जना. खलनायक गरजला की जवळची माणसं तीन सेकंद जागेवर थिजतात. तिच्याखाली खेळवाल्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, नवशिक्यांनी घेऊ नये. पिराजीनं ते वाचलं आणि त्याला फार बरं वाटलं. नवशिक्यांसाठी नाही म्हणजे आपल्यासाठीच आहे, एवढा साधा हिशेब.

दुसरी होती कुजबुज. खलनायकानं चौघांपैकी एकाच्याच कानात बोलायचं, बाकीच्यांना ऐकू जात नाही. इजा शून्य. वेग शून्य. समितीनं हिच्यावर चर्चाच केली नाही. अंबूबाईला विचारलं तर ती म्हणाली, ती उरल्याली द्या मला, उठायला लागत न्हाय न्हवं?

रविवारी दुपारी अमरेशच्या क्लासचा प्रोजेक्टर पार्किंगमध्ये लावला. मोना, अमरेश, त्याची बायको विद्याश्री आणि बाळासो आपापल्या घरात कानात इयरफोन घालून बसले. बाकीची गल्ली चादरीच्या पडद्यासमोर बसली. मोनानं आधीच नियम सांगितला होता की जनरेटर चालू व्हायला चौघांनी एकदम चार बाजूंनी काम करावं लागतं. म्हणजे खेळाची सगळी मदार एकजुटीवर. हे ऐकून गल्लीतल्या काही अनुभवी लोकांनी तिथंच खलनायकाच्या बाजूनं कल दिला.

पहिला पिराजी. दवाखान्यात शिरल्या शिरल्या तो गरजला. नुसतं बटण दाबून चालत होतं, पण पिराजीनं तोंडानंही गर्जना केली आणि ती थेट पाचव्या मजल्यापर्यंत गेली.

इथं एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. गर्जना काम करते ती पहिल्यांदा ऐकणाऱ्यावर. या चौघांनी ती गेली सहा वर्षं रोज ऐकली होती. चेअरमन ओरडला की काय करायचं याचा त्यांना रीतसर सराव होता. चौघं शांतपणे एका खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पिराजी दवाखानाभर गरजत फिरला. त्याच्या आवाजावरून तो कुठं आहे ते त्यांना पक्कं कळत होतं, त्यामुळं ते दुसऱ्या बाजूनं येऊन निवांत जनरेटर दुरुस्त करत होते. दुरुस्ती करता करता विद्याश्रीनं मोनाला फराळाच्या चकलीचं प्रमाणसुद्धा सांगितलं.

शेवटी एक माणूस सापडला. बाळासो. जनरेटर चालू होऊन दार उघडलं तरी ते दाराशी उभे राहून वाटच बघत होते. चेअरमन एवढ्या जवळ कधी सापडत नाहीत म्हणून त्यांनी बाथरूमच्या गळतीचा विषय काढला होता. पिराजीनं त्यांना पकडलं खरं, पण गळतीचं आश्वासन देऊनच. बाकी तिघं पळाले.

मग अंबूबाई. तिनं फोन तोंडाजवळ धरला, वरून पदर घेतला आणि आपल्या खुर्चीवर बसली. पडद्यावर तिचा खलनायक दवाखान्याच्या एका कोपऱ्यात उभा होता. तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

पहिल्यांदा तिनं मोनाशी कुजबुज केली. काय बोलली ते पदराबाहेर आलं नाही. शेजारी उभ्या पिराजीच्या कानावर फक्त शेवटचं वाक्य पडलं. "तुला म्हणून सांगिटलं बाई, माझं नाव घिऊ नकोस." मग ती विद्याश्रीशी बोलली. मग अमरेशशी. मग बाळासोंशी जरा जास्त वेळ. शेवटचं वाक्य दर वेळी तेच.

पडद्यावर पहिली गोष्ट घडली ती ही, की जनरेटरवरचे मोनाचे हात थांबले. ती विद्याश्रीकडं वळून नुसती बघत राहिली. विद्याश्रीच्या हातात दाराची किल्ली होती, ती तिनं मागं लपवली. अमरेश दोघींच्या मध्ये गेला आणि लगेच बाजूला झाला. त्याला काय ऐकायला मिळालं होतं कुणास ठाऊक, पण त्यानंतर त्यानं बायकोकडं पाठ केली नाही. बाळासोंनी एका खोलीत जाऊन आतून कडी लावली.

मिनिटभर कुणीच काही करेना. पिराजी पडद्याकडं बघून ओरडला, अरं पळा की, किल्ली तुमच्याकडं हाय, ती म्हातारी कोपऱ्यात हाय. त्याच्या आवाजाला कुणी जुमानलं नाही. तशी सवयच होती.

आणि मग मोना निघाली. दाराकडं नाही. कोपऱ्याकडं. खलनायकासमोर जाऊन उभी राहिली आणि तिचा आवाज सगळ्या पार्किंगनं ऐकला.

"काकी, अजून काय म्हणाली ती?"

अंबूबाईनं तिला पकडलं. तोवर विद्याश्रीही येत होती. तिला विचारायचं होतं, मोना काय सांगून गेली. तिच्या मागं अमरेश, दोघींनी काय सांगितलं ते ऐकायला. बाळासोंनी कडी काढली आणि आपला नंबर लागेपर्यंत रांगेत उभे राहिले. खलनायकांच्या इतिहासात चौघं आपल्या पायांनी, ओळीनं, धक्काबुक्की न करता पकडले जाण्याची ही पहिलीच वेळ असावी.

चार विरुद्ध एक.

वायदा म्हणजे वायदा. त्याच संध्याकाळी कळंब्याच्या मेहुण्याकडनं बाळासोंनी म्हशीची घंटा आणली, गळतीचं काम झालेलं नसल्यानं जरा मोठीच आणली. पिराजीच्या फेट्याला मोरपिसं खोवली. मोनानं बुलेट चालू केली आणि हँडल पिळलं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं, गॅलऱ्यांत माणसं, भाजीवाल्यानं गाडा आडवा लावून वाट करून दिलेली. गाडी फडफडली आणि पिराजी मागं पळाला. घंटा वाजली. गल्लीनं अशी आरोळी ठोकली की दरारा तिथंच कुठंतरी पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पिराजीच्याही नाही. कारण पळताना त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी चाललं होतं. गल्लीच्या टोकाला वळसा घालून तो परत आला आणि पारिजातच्या दारात थांबला. तिथं अंबूबाई खुर्चीवर बसली होती. पिराजी धापा टाकत तिच्यापुढं वाकला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "माझ्याबद्दल बी काय बोललासा व्हय त्यास्नी?"

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. घंटा मध्ये वाजू नये म्हणून पिराजीनं ती मुठीत धरली. मोनानं गाडी बंद केली. आत्तापर्यंत शिट्ट्या मारणारी गल्ली सगळी पुढं झुकली. अंबूबाई बोलली. सावकाश बोलली. पिराजी जसजसा ऐकत गेला तसतसा आणखी वाकत गेला.

ती काय बोलली ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. तसं सांगायचं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, आमचं नाव घेऊ नका. जरा अजून जवळ या.

आलात? मग तिथंच उभं राहा, पिराजीच्या मागं. रांग लई मोठी हाय.