बखर मधाच्या बरणीची, जी बाळाच्या ओठांशी येऊन माघारी फिरली

पुढे लेकीसुनांस मार्ग दिसावा आणि घरोघरच्या सासवांचा मान अभंग राहावा, म्हणून लोयांग नगरी हिवाळियात जे घडले ते यथास्थित लिहिले असे.

राजमाता थान श्वेफांग यांचा अंमल सातव्या मजल्यावर होता. प्रातःकाळी बागेत नृत्याची कवाईत, मग गरम पाण्याचा पेला, मग चष्मा चढवून मोबाइलचा दरबार. आणि नृत्यमंडळाच्या सरदार मंग मावशी यांजकडून आल्याच्या रसाने गुडघे बरे, लसणाने नाक मोकळे, उलटे चालिल्याने आयुष्य दीर्घ, ऐसे जे खलिते येत ते राजमाता घरच्या ग्रुपवर रवाना करीत, आणि यच्चयावत आप्त अंगठे उंचावून मुजरा करीत. ग्रुपवर वडीलधाऱ्यांस खोटे पाडणे म्हणजे भरदरबारी त्यांचे नाक कापणे, ही त्या मुलखाची रीत.

ऐशियात बाळराजे थुआनथुआन, वर्षाचेही नाहीत, खोकू लागले. आणि त्याच प्रभाती खलिता येता जाहला: 'खोकल्यावर मध! तज्ज्ञही थक्क! माणसांवर माया असेल तर पुढे पाठवा!' मग दुपारच्या निजेपूर्वी बाळराजांस चमचाभर मध देणे, ऐसा हुकूम सुटला. सूनबाई वानछिंग, पदवीधर, बाळाच्या श्वासावरही पहारा ठेवणारी, तिची पाचावर धारण बसली. कारण वर्षाआतील लेकरास मध जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरांनी बजाविले होते.

"आई, डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर म्हणजे कालचं पोर! हाओला मी चाटवलाच होता ना? काय झालं त्याला?"

पतिराज हाओ नूडल्सच्या वाडग्यातून मान न काढिता वदले, "मी जिवंत आहे. याउपर मला काही विचारू नका."

मग वानछिंगने न्हाणीघरात मोर्चा बांधिला. डॉक्टरांचा लेख ग्रुपवर धाडावा, तर सासूबाईंचा रुसवा वसंतापर्यंत चालता. सबब गनिमी काव्याने मोबाइलवर गुलाबी कमळ फुलविले, वरी सोनेरी अक्षरे मांडिली आणि लाल उद्गारचिन्हांचा तोफखाना डागिला: 'आज्यांनो, सावधान!! वर्षाआतल्या नातवंडाला मध नको!! शहाण्या आजीलाच हे ठाऊक असतं!! पुढे पाठवा!!' मजकूर डॉक्टरांचा, शृंगार मात्र मंग मावशींच्या पसंतीचा. तो खलिता थेट मावशींस गेला, सोबत अर्ज: 'मावशी, हे खरं का हो? तुमच्याइतकं कुणाला कळतं?' मावशींनी वाचिला की नाही, देव जाणे. पाठविला मात्र तत्क्षणी.

इकडे चमचा भरला, बाळराजांनी मुख उघडिले, आणि मोबाइल वाजला. राजमाता चमचा तैसाच धरून वाचित्या जाहल्या. मग मध बरणीत परतला.

"वानछिंग! अगं, एवढी शिकलीस, आणि लेकराला मध द्यायला निघालीस?"

"चुकलं, आई."

"नशीब, माझं लक्ष असतं. जा, नासपती वाफव. नुसती!"

मग बरणी कपाटाच्या माथ्यावर कैद जाहली, खलिता ग्रुपवर गेला, आणि पहिला अंगठा वानछिंगचा पडला. सायंकाळी दूरदेशीहून तिच्या मातोश्रींचा फोन आला: "बाळाला मध देत नाहीस ना गं? तुझ्या सासूबाईंनी पाठवलंय बघ. केवढी हुशार बाई! शीक जरा त्यांच्याकडून."

"शिकतेय, आई," ऐसे बोलून वानछिंगने बाळराजांस नासपती भरविली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन बाळराजे सुखरूप राहिले, आणि फत्तेचा सारा मान राजमाता थान श्वेफांग यांचे नावे दाखल केला असे.