रंभाजीनानांचे न विकायचे बैल

रंभाजीनाना दर गुरुवारी आपली खिल्लारी जोडी विकायला बाजारात आणत आणि दर गुरुवारी ती परत घेऊन जात. एकदोन बाजार नव्हे, चांगली दीड वर्षं. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, पाठीवर हात ठेवला तर घसरावा असं अंग. चिंचेखालची जागा त्यांची ठरलेली. तिथं दुसऱ्या कुणी जनावर बांधलं की नाना म्हणत, "उठीव रं, हितं माझं दुकान हाय."

हे दुकान माझ्यामुळेच चाललं, असं मी आजही म्हणेन. गिऱ्हाईक म्हणून तिथं सगळ्यात जास्त मीच उभा राहिलो. मी बैलांचा व्यापारी. वेसणी आणि कासरे विकत विकत वर आलो, कुणाच्या बापाचं खाल्लं नाही. माझ्याशी भाव करताना भले भले घाम पुसत. नाना मात्र रुमालाखाली माझा हात धरून बोटं दाबून भाव सांगायचे, मान हलवायचे, चढवायचे, उतरवायचे, आणि सौदा अगदी तोंडाशी आला की हात काढून घ्यायचे.

"इकायचेत, शेठ. पन घाई न्हाई."

"मग बाजारात कशाला आणता? वरात काढायला?"

"तू येसनी इकत हुतास तवा बरा हुतास. गिऱ्हाइकावर वरडत न्हवतास."

असं चारचौघांत ऐकवायचे. माझा राग आजही गेलेला नाही.

आमच्या बाजारापासून कोसभरावर ओढा. ओढ्यापलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. पलीकडची माणसं बाजाराला आमच्याकडेच येत. त्यांतला कुणी जोडीपुढे थांबला की नाना खुलत. भावाचं राहिलं बाजूला, नानाच त्याला विचारत सुटत. गाव कंचं? बोरवाडी? मग पाण्याचं काय? पाणी बायांना कुठनं आणावं लागतं? वेशीजवळच्या वाड्यात यंदा ज्वारी किती झाली? दुखणंबिखणं काय गावात?

"नाना, बैल विकताय का पोरगी देताय?" मी एकदा खेकसलो.

"बैल जातंय त्या घराची चौकशी करू नये व्हय?" नाना म्हणाले. आणि बोरवाडीवाल्याला त्यांनी पदरचा चहा पाजला. मला दीड वर्षात साधं पाणीही विचारलं नाही.

मग इंग्रज गेले आणि ओढ्यापलीकडे रझाकारांचं सुरू झालं. आज हे गाव लुटलं, उद्या ते. पलीकडची माणसं यायची थांबली, बाजार निम्म्यावर आला, माझा धंदा बसला. चिंचेखाली नाना तेवढे जोडी घेऊन उभे. त्यांना भाव करायला कुणी नको होतं. ते ओढ्याच्या वाटेकडे तोंड करून उभे राहत.

एका सकाळी ते गाडी जुंपून माझ्या दारात आले. बोरवाडी जळाली, उरलेली माणसं तालुक्याच्या शाळेच्या आवारात येऊन पडलीत, असं आदल्या दिवशी कळलं होतं.

"चल. येताना बैल तुझं."

"भाव?"

"तू म्हनशील त्यो."

आयुष्यात माझा असा अपमान कुणी केला नव्हता. तरी मी गाडीत बसलो.

वाटेत त्यांनी सांगितलं. एकच लेक, ठकू. बोरवाडीला वेशीजवळच्या वाड्यात दिलेली. लग्नात व्याह्यानं नानांना फेटा बांधायच्या आधी दुसऱ्याच पाहुण्याला बांधला. नाना भर मांडवातून उठले, आणि त्या घराचं नाव पुन्हा तोंडात घेणार नाही, अशी बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन निघून आले. त्यानंतर ना पंचमीला तिला आणायला कुणी गेलं, ना तिकडून कुणी आलं.

"म्हनून तुला आनला. त्या घराचं नाव तू घे."

आवारात माणसांवर माणसं होती. मी ओरडून ओरडून बोरवाडीचा एक म्हातारा शोधला आणि त्याला वेशीजवळच्या वाड्याचं विचारलं.

"वाडा पयला पेटला," तो म्हणाला. "बाप्ये कुनी ऱ्हायले न्हाईत. सुना चौघी. सरू आन् गंगू उलट्या, मोगलाईतच बीडाकडं गेल्या, म्या सवता बघितल्या. चंद्री वाटंत गेली, तिला तितंच मूठमाती दिली. पारूचा पत्ता न्हाई. तुमची कंची?"

"ठकू," नाना म्हणाले.

"ठकू न्हवती कुनी."

"धाकट्या पोराला दिलेली."

"बाबा, मी गावकुसाभाईरचा. वाड्यात पाय ठेवला न्हाई कदी. सासू हाका मारायची, तेवढी नावं ठावं. सासरचं नाव सांगा."

मी नानांकडे पाहिलं. लग्नात पोरीचं नाव बदलतात, हे काय सांगायला हवं?

"नाना, काय नाव ठेवलं तिचं?"

"नाव ठेवायच्या आदीच उटलो मी."

दीड वर्ष पाण्याचं विचारलं, ज्वारीचं विचारलं. हे एक विचारता आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही फिरलो. बोरवाडीची बाकीची माणसं रातोरात पुढं पांगली होती; आणखी कुणी भेटलं नाही. परतताना कासरा माझ्या हातात होता. बैलांचा विषय दोघांनीही काढला नाही.

"सरूच ती, नाना," मी म्हणालो. "बीडाकडं गेलेली. मला खात्री आहे." बैलाचं वय खोटं सांगताना माझी जीभ कधी अडली नाही, तेव्हाही अडली नाही.

बऱ्याच वेळानं, अंधारात, नाना हलक्या आवाजात हाक मारून पाहिल्यासारखं म्हणाले, "सरू." थोडं थांबून, "गंगू." मग पुढं वाकून त्यांनी एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"पारू," ते म्हणाले.

राहिलेलं एक नाव त्यांनी घेतलं नाही. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.