वाढत्या अंगाचा वर्ग

बारकीचे वडील शिंपी. गल्लीभर त्यांना मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यात सुताचा फरक पडला तरी त्यांना अन्न गोड लागत नसे, पण पोटच्या पोरीचा प्रत्येक कपडा ते वाढत्या अंगाचा शिवत. शाळेची सगळी वर्षं बारकीने बाह्या दुमडण्यात घालवली. वाढेल, वाढेल म्हणता म्हणता तिची वाढ थांबली, मास्तरांची आशा काही थांबली नाही. चपलांच्या दुकानातही तीच रड. तिने पाच नंबर सांगितला की ते सहा काढायला लावत. शेवटी ती चार सांगू लागली, तेव्हा कुठे पाचाची चप्पल पायात आली.

शाळा संपली. बारकीला विजेच्या कामाची भारी हौस, शिलाई मशीनची मोटर बिघडली की तीच उघडून बसायची. कॉलेजात विजेचे तीन वर्ग होते. सगळ्यात खाली नुसत्या वायरिंगचा प्रमाणपत्राचा, मधे पदविकेचा आणि वर पदवीचा. तिचे मार्क आणि तिचं मन, दोन्ही पदविकेवर येऊन थांबत होते. चपलांचा धडा ऐन वेळी विसरून तिने खरं ते सांगून टाकलं. मास्तरांनी मान डोलावली आणि जागा रिकाम्या आहेत म्हणून तिला पदवीला घालून आले.

"आता जरा सैल वाटेल," ते म्हणाले, "पण पुढे अंगाबरोबर बसेल."

पदवीच्या वर्गात गणित सुरू झालं ते थांबेचना. बारकीला एक अक्षर कळलं नाही, म्हणून तिने कळल्यासारखी मान हलवली. सरांना असं मान हलवणारं माणूस किती वर्षांनी भेटलं होतं कोण जाणे, ते तिच्याकडेच बघून शिकवू लागले. तिची मान जितकी जोरात हलायची, तितका सरांचा वेग वाढायचा. बाकीचा वर्ग तिच्यावर दात खाऊन होता. एक दिवस सरांनी खडू तिच्या हातात दिला आणि सांगितलं, आजचं उदाहरण हिच्याकडून समजून घ्या. बारकी फळ्यापाशी गेली. बाही पार बोटांवर आली होती. तिने एक दिवा काढला, एक बटण काढलं, दोन्ही जोडले आणि तिथेच रडू लागली.

पहिली परीक्षा तोंडावर आली होती. तीत नापास झालं की वर्ष पाण्यात. त्याआधी वर्ग बदलून मिळत होता, पण एकदाच. या खेपेला बारकीने अक्कल चालवायचं ठरवलं. प्रमाणपत्र मागायचं, म्हणजे बाबा एक नंबर मोठं, पदविकेचं, घेऊन येतील.

"बाबा, मला प्रमाणपत्राच्या वर्गात घाला," ती म्हणाली. "मला तेवढंच झेपेल."

मास्तर तिचा कॉलेजचा शर्ट तेवढा मागून घेऊन दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी ते सरांना भेटायला गेले. बारकी बाहेर बाकावर बसली. कॉलेज सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिचा जीव थाऱ्यावर होता. मनातल्या मनात तिने पदविकेच्या पुस्तकांना कव्हरंही घातली. मास्तर बाहेर आले ते डोळे पुसतच.

"सरांनी सांगितलं सगळं. फळ्यापाशी रडलीस म्हणे. मला बोलली का नाहीस?"

बारकीने मान खाली घातली.

"परक्याचं माप मी दोनदोनदा घेतो आणि तुझं एकदाही ऐकलं नाही. आज ऐकलं. सर म्हणत होते, मधला वर्ग हिला चालेल. मी म्हटलं, नाही, पोरीने सांगितलंय तेच द्या. एक दोराही जास्त नको."

पक्कं झालं का, असं बारकीने कसंबसं विचारलं.

"शिक्का मारूनच आलो. आता बदल नाही," मास्तर म्हणाले आणि पिशवीतून तिचा शर्ट काढून तिच्या हातात दिला.

तिने मुलींच्या खोलीत जाऊन तो घातला. मास्तरांनी तो सगळीकडून आत घेतला होता. पुढेमागे सोडायला म्हणून शिवणीत कापड ठेवण्याची त्यांची रीत, पण या खेपेला तेही कापून टाकलं होतं. ती बाहेर आली तेव्हा ते नजरेनेच तिचे खांदे मोजत उभे होते.

"बरोबर आहे ना गं माप?"

हा प्रश्न ऐकायला ती जन्मभर आसुसलेली होती.

"अगदी बरोबर, बाबा," बारकी म्हणाली आणि सवयीने बाही दुमडायला गेली. दुमडायला काही उरलं नव्हतं.