जावळाचा ब्रश

दोन हजार तेवीस साली अधिक श्रावण आला आणि गणपती महिनाभर लांबले. देवाने सगळ्यांनाच मुदतवाढ दिली होती. बायजाबाईंची गोष्ट त्याच सालची. त्यांना तीही पुरली नाही.

पेणजवळच्या हमरापुरात घरागणिक गणपतीचा कारखाना. बायजाबाईंच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायला, घासायला, रंगवायला माणसं होती. बायजाबाई फक्त शेवटचं काम करायच्या, डोळ्यांची आखणी. त्यातही जीव होता तो बुबुळाच्या ठिपक्यात. ठिपका केसभर सरकला की गणपती समोर न बघता भलतीकडेच बघतो. आणि जो आपल्याकडे बघतच नाही त्याच्यापुढे हात जोडून काय उपयोग, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

ठिपक्यासाठी त्यांचा एक वेगळा ब्रश होता. एकोणीसशे ऐंशी साली मुलाचं, प्रविणचं, जावळ काढलं. गावाच्या रीतीप्रमाणे ते खाडीला सोडायचं. बायजाबाईंनी सासूची नजर चुकवून त्यातली एक चिमूट मागे ठेवली आणि बांबूच्या काडीला बांधली. बाजारचा ब्रश कापलेल्या केसांचा असतो. जावळाच्या टोकाला जन्मापासून कात्री लागलेली नसते, म्हणून त्याची रेघ श्वासासारखी येते. त्रेचाळीस वर्षांत प्रविणच्या डोक्यावरचे केस गेले, ब्रशातले टिकले. काम नसलं की तो ब्रश बायजाबाईंच्या अंबाड्यात खोचलेला असे.

प्रविण रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत होता आणि कुटुंबासह नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहत होता. त्या साली कंपनीत वर्षभर एकही अपघात झाला नाही, म्हणून सोडत काढून त्याला बक्षीस मिळालं: मुंबई ते गोवा आणि परत, मोठ्या जहाजातून, दोघांना. त्याच्या बायकोला रेवसच्या लाँचमध्येही उलट्या व्हायच्या. मग मे महिन्यात तो आईला घेऊन गेला. बायजाबाईंनी तीन दिवस समुद्र बघितला, जहाजाच्याच न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतलं, आणि घरी येऊन पहिल्याच गणपतीसमोर बसताना हात अंबाड्याकडे नेला. तिथे काहीच नव्हतं.

"न्हाणीत ऱ्हायला गो, साबणाच्या ताटलीत," त्या आपल्याजवळ राहणाऱ्या नातीला, प्रविणच्या भूमिकेला म्हणाल्या. "फोन लाव. धाडतील."

त्यांना वाटलं ते चूक नव्हतं. पूर्वी त्यांची छत्री एस. टी.त राहिली होती, तर कंडक्टरने ती पेणच्या स्टँडवर चहावाल्याकडे टांगून ठेवली. चार दिवसांनी चहावाल्यानेच हाक मारली, "ओ हमरापूर, छत्री न्या!" त्या व्यवस्थेत एक खिळा होता आणि एक चहावाला. जहाजवाल्यांची व्यवस्था मात्र अद्ययावत होती.

फोनने अर्ज भरायला सांगितलं. अर्जात ब्रश तीनच प्रकारचे होते: दातांचा, दाढीचा आणि मेकअपचा. तिन्ही आरोग्याच्या कारणास्तव चोवीस तासांत नष्ट केले जातात, असं खाली लिहिलं होतं. म्हणून कॉलेजात जाणाऱ्या भूमिकेने शहाणपणाने 'इतर' निवडलं. वस्तू कशाची? बांबू आणि केस. केस प्राण्याचे की माणसाचे? प्राण्याचे असल्यास वनखात्याचा दाखला जोडा.

"आजी, काय लिहू?"

"माझ्या लेकराचं केस हायत, तेच लिव. गणपतीच्या कामात खोटं कशाला?"

केस कोणाचे? मुलाचे. भूमिकेने बटण दाबलं आणि पडद्याला काळी किनार आली. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' वस्तू 'इतर'मधून निघून 'नातेवाइकांचे अवशेष' या सदरात गेली होती.

आठ दिवसांनी पांढऱ्या फुलांचा गुच्छ आला. प्रविण रविवारचा हमरापुरात होता, त्यानेच सही करून घेतला. मग फोन आला.

"आजी, मी रितेश बोलतोय, संवेदनशील वस्तू विभागातून. धीर धरा."

"मला धीर नको, ब्रश पायजे."

"सुरुवातीला असंच होतं, आजी. मन मानत नाही."

"अरं, पोरगा माझ्याम्होरं बसून भाकरी खातोय!"

"आठवणी अगदी अशाच दिसतात, आजी."

प्रविणने फोन हिसकावला. "हॅलो, मी प्रविण."

"आपण मयतांचे कोण?"

"मीच तो!"

"मग नियमाप्रमाणे मला आपल्याशी बोलता येणार नाही, सर. कृपया वारसांकडे द्या."

रितेश वाईट माणूस नव्हता. त्याने दोन मार्ग सांगितले. प्रविणचा मृत्यूचा दाखला द्या, किंवा तो हयात असल्याचा सरकारी दाखला द्या. दोन्हींपैकी काहीही चालेल, जहाजवाल्यांचा कशाचाच आग्रह नव्हता.

सहलीचं बुकिंग कंपनीच्या नावावर होतं, त्यामुळे शोकपत्राची प्रत रोह्याला गेली. सोमवारी पहिल्या शिफ्टला सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. प्रविणही मान खाली घालून उभा राहिला. अशा वेळी कोण गेलं ते विचारायचं नसतं. नंतर त्याने चौकशी केली. सुरक्षा अधिकाऱ्याने त्याला निरखून बघितलं आणि तो खरंच हळहळला. "तू उभा आहेस ते बरंच आहे रे. पण नोंद झाली." गेटवरच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस'समोर चारशे एकवीस होतं, तिथे शून्य लागलं. प्रविणला नोटीस मिळाली: मृत्यूची पूर्वसूचना का दिली नाही, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

हयातीच्या दाखल्यासाठी मायलेक पेणच्या एका कचेरीत गेले. ती कुठल्या खात्याची, हे बायजाबाईंना आजही धड सांगता येत नाही. तिथे कमळाकर नावाचे गृहस्थ होते, निवृत्तीला दोन महिने उरलेले, चष्म्यावरून बघणारे.

"हयातीचा दाखला पेन्शनवाल्यांना असतो. हे पेन्शनर आहेत?"

"नाय, पोरगा कामाला हाय."

"मग यांच्या जिवंत असण्याचा नमुनाच आमच्याकडे नाही."

"साहेब, समोर उभा हाय की मी!"

"दिसताय ना. मी कुठे नाही म्हणतोय? पण दिसण्यावर दाखला देता येत नाही. शिवाय जन्म पेण तालुक्यातला, राहणं रोह्याला. तुम्ही जिवंत आहात ते रोह्याला. इथे नुसते आलेले आहात."

रोह्याला गेले, तर रोह्याने विचारलं, वस्तू मागणारी कुठची? हमरापूरची? मग पेण. अशा सहा खेपा झाल्या. मधे अधिक महिना आला आणि निघाला. कारखान्यात सहाशे बारा गणपती मुकुट घालून, पीतांबर नेसून, डोळ्यांविना रांगेत उभे होते. दुकानदार हैबतराव मुंबईहून रोज फोन करत होते.

सातव्या खेपेला कमळाकरांना दया आली. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बाई, माझं ऐका. मयताच्या दाखल्याला छापील नमुना आहे. सोपं काम. सही तुम्ही करायची. ब्रश हातात आला की दुरुस्तीचा अर्ज टाका. वर्षा-दोन वर्षांत हे परत जिवंत होतील."

प्रविणने आईकडे बघितलं. त्याला चतुर्थी माहीत होती, सहाशे बारा माहीत होते. "कर आय," तो म्हणाला. "कागदावरच मरायचं हाय. कंपनीत आधीच मेलोय."

कमळाकरांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. बायजाबाईंनी ते हातात घेतलं. ज्या बोटांनी त्या देवाला नजर देत, ती बोटं मुलाच्या नावासमोर आली आणि थांबली.

"साहेब, तुमची आय हाय का?"

"आहे. नव्वदीची आहे."

"मंग एक डाव तिला असली सही करायला सांगा. ती करील तर मी करते."

पेन टेबलावर ठेवून त्या उठल्या. बाहेर पायरीवर प्रविणला म्हणाल्या, "गेला तो ब्रश खड्ड्यात. चल, तुला भूक लागली असंल."

पेणला बाजारचा ब्रश मिळाला. त्याने बायजाबाईंनी अकरा दिवसांत सगळी आखणी उरकली. शेवटचा गणपती पुरा करून त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग खाली बसल्या आणि हैबतरावांना फोन लावला.

"शेट, माल नेऊ नका. ठिपका चुकलाय. एकबी गणपती समोर बघत नाय."

"मग कुठे बघतात?"

"मानसाच्या खांद्यावरनं, मागं कुठंतरी."

हैबतराव हसले. "बाई, लोक गणपतीकडे पाठ करून उभे राहतात आणि फोनात बघतात. कोणाला कळणार आहे? टेम्पो पाठवलाय."

अनंत चतुर्दशीपर्यंत बायजाबाई फोनजवळ बसून होत्या. कोणीतरी म्हणेल, आमचा देव आमच्याकडे बघत नाही. तक्रारी दोन आल्या. एका घरी शेल्याचा रंग सजावटीला जुळला नाही, दुसऱ्या घरी मखर लहान पडलं.

विसर्जनानंतर जहाजवाल्यांचं पत्र आलं. मुदतीत वारस न आल्याने अवशेष संपूर्ण सन्मानाने समुद्रार्पण केले, सोबत फोटो. फोटोत पांढऱ्या गणवेशातले चार अधिकारी सलाम ठोकत होते. बायजाबाईंनी फोटो खूप वेळ बघितला. "जावळ शेवटी पान्यातच गेलं," त्या म्हणाल्या. "सासू जिकली."

रितेशला त्या वर्षीचं बक्षीस मिळालं, एकही संवेदनशील प्रकरण प्रलंबित नव्हतं म्हणून. कमळाकर निवृत्त झाले. आता दर नोव्हेंबरात ते स्वतः जिवंत असल्याचं सिद्ध करायला रांगेत उभे राहतात. गेल्या वर्षी यंत्रावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला नाही. प्रविणचा खुलासा समाधानकारक मानून त्याला ताकीद देऊन सोडलं. गेटवरचा आकडा पुन्हा वाढतो आहे, पण सोडतीच्या यादीतून त्याचं नाव वगळलेलं आहे. हैबतरावांनी पुढच्या वर्षी डोळ्यांचे तयार स्टिकर आणले. भूमिका कारखान्याचे ऑनलाइन अर्ज भरते आणि कोणत्याही अर्जात खरं लिहीत नाही. बायजाबाई आता आखणी करत नाहीत. अंबाड्यात साधी काडी खोचतात.

आणि ते सहाशे बारा गणपती ठाण्याला गेले, दादरला गेले, पुण्या-नाशकाला गेले, कुठे दीड दिवस राहिले, कुठे दहा. त्या साली तुमच्याकडेही पेणचीच मूर्ती होती ना? फोटो असतीलच तुमच्या फोनात. तुम्ही त्यात छान आला असाल. तुमच्या मागे तोही असेल. आता सवडीने बघा, तो कुठे बघत होता.