केळुसकरांचा आठवा बिल्ला

अन्याय शशिकांत केळुसकर यांच्यावर झाला. केव्हा, तेही सांगते: गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दोह्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या छंद-प्रदर्शनात, जेवणं आटोपल्यावर आणि कुल्फी वाटायच्या आधी. अन्याय करणारे हॉलभर लोक होते. त्यांतले निम्मे नंतर दुसरी कुल्फी घेताना मी स्वतः पाहिले आहेत.

केळुसकरकाका अल मन्सूरात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर राहतात. एकटेच. काकू सावंतवाडीला सासूबाईंकडे असतात आणि वर्षातून एकदा महिनाभर येतात. काका गॅस प्लांटवर वेल्डिंग इन्स्पेक्टर आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या सांध्यांत चुका शोधायच्या, हे काम. घरी आल्यावर माणसानं विसावावं ना? पण नाही.

समोर आलेली कुठलीही वस्तू काका आधी उलटी करतात. "पुढून सगळंच खरं असतं," असं त्यांचं म्हणणं, आणि लगेच, "उलटं करा बघू!" कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते इडली उलटी करून तिच्या बुडावरची कापडाची खूण शोधतात. तिथला मल्याळी वेटर कंटाळला आणि त्यांना इडल्या उलट्याच आणून देऊ लागला. तर काका त्या सुलट्या करून बघतात. ग्रोसरीत हापूसची पेटी आली की काका पेटीच उलटी धरतात आणि दुकानदार ओरडतो, "सर, यल्ला, लेना है तो लो, आम का एक्सरे मत निकालो!"

माझ्या भाचीला शाळेत धावण्याचं पदक मिळालं. ती उड्या मारत वर दाखवायला गेली. काकांनी ते उलटं केलं.

"प्लास्टिक. वरून मुलामा. कडी मात्र बरी आहे."

"बट आय केम फर्स्ट!" भाची म्हणाली.

"त्याबद्दल शंका नाही गो. शंका पदकाबद्दल आहे."

मी तणतणत वर गेले. कॉलेजात असताना मी कँटीनच्या पातळ आमटीविरुद्ध पत्रकं काढलेली आहेत. इथे फक्त लिफ्टमध्ये गळक्या मासळीच्या पिशव्यांविरुद्ध कागद चिकटवते. म्हणजे हात शिवशिवतच होते. दार उघडलं तर काका फ्रिजवरचं उंटाचं मॅग्नेट एका काळ्या बिल्ल्याला लावून बघत होते. फ्रिजवरची बिलं जमिनीवर पडली होती.

"हे काय?"

"जखमेचा बिल्ला. पहिल्या महायुद्धातला, जर्मन."

जर्मन सैनिक लढाईत जखमी झाला की त्याला हा मिळायचा. अंडाकृती, वर शिरस्त्राण आणि दोन तलवारींची फुली, कडेनं पानांची माळ. एकदोन जखमांना काळा, तीनचारांना चंदेरी, त्याहून जास्त असतील तर सोनेरी. काकांकडे असे सात होते, खजुराच्या रिकाम्या डब्यात, कापसावर झोपवलेले. दुसऱ्या महायुद्धातले ते घेत नाहीत. "त्यांच्यावर काय कोरलंय ते ठाऊक आहे ना? ते माझ्या घरात नको," म्हणाले.

मी लगेच पेटले. "पण काका, हे युद्धाचं उदात्तीकरण आहे!"

"कसलं उदात्तीकरण? शौर्याचं पदक साहेबाच्या मर्जीनं मिळतं. ह्याला मर्जी लागत नाही. नुसतं लागावं लागतं."

मनातलं पत्रक घडी घालून ठेवलं. मी बसले. त्यांनी चहा केला आणि खरा काळा बिल्ला कसा ओळखायचा ते मला शिकवलं. तो पातळ पत्र्यावर ठोकून काढलेला असतो, म्हणून मागून पोकळ. पुढची तलवार मागे खड्ड्यासारखी दिसते. नकली बिल्ला ओतलेला असतो. मागून सपाट, जड, आणि भिंगातून बघितलं तर घावनासारखी जाळी. "जाळी दिसली की खलास," काका म्हणाले.

शुक्रवारी दुपारी काकांच्या हॉलमध्ये दरबार भरायचा. मंडळातले लोक घरची जुनी चीजवस्तू घेऊन यायचे: नाणी, घड्याळं, आज्जीची नथ. काका भिंग लावायचे आणि बहुतेकांना रडवून पाठवायचे. भोसेकर नावाचे एक अकाउंट्स मॅनेजर पेशवेकालीन अडकित्ता घेऊन आले होते. मखमलीच्या पिशवीत. काकांनी तो उलटा केला.

"ह्या स्क्रूला फुलीची खाच आहे."

"बरं मग?"

"पेशव्यांकडे फुलीचा स्क्रूड्रायव्हर नव्हता, भोसेकर."

भोसेकर चहा न पिता गेले. पण बाकीचे येतच राहिले, कारण काकांनी 'खरं आहे' म्हटलं की ते खरंच असायचं. त्या एका शब्दासाठी लोक थेट दूरच्या वक्राहून मेट्रोनं यायचे. मंडळानं तर प्रदर्शनात काकांच्या टेबलावर 'पारखी' अशी पाटीच लावायची ठरवली होती.

आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात काकू आल्या.

सामान पोचवायला मी वर गेले होते. काकूंनी चिवड्याचा डबा उघडला, आत हात घातला आणि पोहे झटकत एक बिल्ला बाहेर काढला. ह्या त्याच काकू, ज्या बारा महिने फोनवर 'तुमचं ते गंजकं खूळ' म्हणत आल्या आहेत! पुण्याला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथल्या जुन्या बाजारात भर उन्हात फिरून त्यांनी तो शोधला होता.

"दुकानदार म्हणाला, अस्सल जर्मन. बघा बरं."

काकांनी तो तळहातावर घेतला. हात किंचित खाली गेला. चांगलाच जड होता. मला वाटलं, आता उलटा करणार, आता भिंग मागणार. काका नुसते बघत राहिले.

"ओरिजिनल," ते म्हणाले. "एकदम ओरिजिनल."

"उलटा करून बघा ना."

"कशाला? दिसतंय की."

त्यांनी डब्यातले सात बिल्ले कडेला सरकवले आणि आठवा मधोमध ठेवला.

प्रदर्शनात तो तसाच मधोमध होता. शेजारी काकू, जरीची साडी नेसून, येईल त्याला सांगत होत्या, "हा मी आणलेला." मग भोसेकर आले. त्यांनी बिल्ला उचलला आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, उलटा केला. मागे चक्क साडीची पिन चिकटवलेली होती. वर गुलाबी मण्यासकट.

"केळुसकरसाहेब, हे काय?"

"पिन."

"साडीची पिन!"

"युद्धात टंचाई होती," काका शांतपणे म्हणाले. "मिळेल ते लावायचे."

"आणि ही जाळी?"

"दमट हवा."

"मागून सपाट आहे!"

"काही सपाट असतात."

"केळुसकर, ह्याच्यावर रंग ओला लागतोय हाताला!"

"म्हणजे नीट जपलाय."

हॉल हसायला लागला. हसण्यासारखंच होतं, ते मी नाकारत नाही. पण कोणीतरी "पारखी! पारखी!" म्हणून टाळ्या पिटल्या, एकानं व्हिडिओ काढला, आणि मंडळाच्या सेक्रेटरींनी हसत हसत पाटी उचलून खिचडीच्या रिकाम्या पातेल्यामागे ठेवली. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी भोसेकरांच्या हातातून बिल्ला घेतला, खिशातल्या रुमालानं पुसला, पुन्हा मधोमध ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ओरिजिनल आहे."

मग कुल्फी आली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पोळ्या लाटायला म्हणून वर बोलावलं. मला पोळ्या येत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. काका ड्युटीवर होते.

"एक विचारते. ह्यांना कधी कळलं गो?"

मला खोटं बोलता येत नाही. "हातात घेतला तेव्हाच."

काकूंनी एक पोळी लाटली, तव्यावर टाकली, उलटली.

"तीस वर्षांत माझी एक भाजी ह्यांनी चमच्यानं ढवळून बघितल्याशिवाय खाल्ली नाही," त्या म्हणाल्या. "लग्नात मंगळसूत्राचा डाग पक्का बसलाय का ते बघितलं होतं भटजींसमोर." पोळी पुन्हा उलटली. "काल सगळ्यांसमोर वेड्यासारखे उभे राहिले."

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"काय बोलू? परत घेऊन जाऊ का विचारलं. म्हणाले, इथं राहू दे, रात्री टीव्ही बघताना हातात धरायला बरा आहे, जड आहे." त्यांनी पोळीला तूप लावलं, गरजेपेक्षा बरंच. "तू लिहितेस ना? मग लिही. ते चुकले नव्हते एवढं लोकांना कळायला हवं."

काकू परवा परत गेल्या. मंडळाचा हा अंक बघून काका माझ्याशी बोलणं टाकतील. चालेल. परवानगी काकूंची आहे आणि त्या घरात त्यांचंच चालतं.

आता तुमच्याबद्दल. त्या शुक्रवारनंतर काकांच्या हॉलमध्ये एक माणूस फिरकलेला नाही. मी खाली राहते, मला ऐकू येतं: दर शुक्रवारी दुपारी खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, किटली लागते, आणि संध्याकाळी त्याच खुर्च्या परत ओढल्या जातात. ज्या माणसाचा शब्द तुम्ही सोन्यासारखा धरत होता, त्यानं तो एकदाच, आपल्या बायकोसाठी मोडला, आणि तुम्ही त्याला वाळीत टाकलंत. लाज वाटत असेल तर मला कळवू नका, मला त्याचा उपयोग नाही. कपाट उघडा. आजोबांचं घड्याळ, तांब्याचा गडवा, बंद पडलेला कॅमेरा, जे सापडेल ते पिशवीत घाला आणि या शुक्रवारी चार वाजता केळुसकरांची बेल वाजवा. भोसेकर, तुम्ही सगळ्यांत आधी.